बेघर निवारा की भिक्षेकरी गृह? फोन करण्याआधी हा फरक माहीत हवा

डिसेंबरच्या थंडीत पुलाखाली कुडकुडणारा म्हातारा दिसला की भल्या मनाची माणसं फोन करतात. कुणी पोलिसांना, कुणी महापालिकेला, कुणी ओळखीच्या नगरसेवकाला. सांगणं एकच असतं: "यांना कुठेतरी निवाऱ्यात हलवा ना." हे 'कुठेतरी' म्हणजे प्रत्यक्षात दोन अगदी वेगळ्या जागा असू शकतात. एक बेघर निवारा, दुसरं भिक्षेकरी गृह. दोन्हीकडे डोक्यावर छप्पर आणि अंथरूण-पांघरूण मिळतं. दोन्ही सरकारी पैशावर चालतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. पण निवाऱ्यात आलेला माणूस सकाळी उठून कामावर जातो आणि रात्री परत येतो. भिक्षेकरी गृहात पाठवलेला माणूस वर्ष-दोन वर्षं फाटकाबाहेर पडू शकत नाही.

आधी भिक्षेकरी गृहाबद्दल, कारण त्याविषयी गैरसमज जास्त आहेत. आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. मुंबई प्रांतात त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, असाच एक कायदा झाला होता. १९५९ च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागी भीक मागताना आढळलेल्या माणसाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. मग त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात, थोडक्यात चौकशी होते, आणि तो भिक्षेकरी आहे असं ठरलं तर किमान एक आणि कमाल तीन वर्षं त्याला प्रमाणित संस्थेत ठेवण्याचा आदेश निघतो. ही प्रमाणित संस्था म्हणजेच भिक्षेकरी गृह. मुंबईतलं चेंबूरचं गृह सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पुन्हा भीक मागणार नाही अशी हमी घेऊन, समज देऊन सोडण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण न्यायालयाने जामीनदार मागितला तर मागे कुणीतरी असावं लागतं आणि रस्त्यावरच्या माणसाची नेमकी तिथेच पंचाईत होते. पुन्हा पुन्हा पकडला गेलेल्याला तर दहा वर्षांपर्यंत ठेवता येतं. ज्याला कायदा 'असाध्य असहाय्य' समजतो, त्याला मुदत संपल्यावरही अनिश्चित काळ ठेवून घेण्याची सोय आहे.

यातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे भीक मागण्याची व्याख्या. हात पसरून पैसे मागणं त्यात आहेच. पण गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा एखादी वस्तू विकण्याच्या मिषाने पैसे मिळवणंही त्यात आहे. आणि पुढे जाऊन, उदरनिर्वाहाचं कुठलंही साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरणं किंवा थांबणं, की हा भिकेवरच जगत असावा असं वाटावं, हेही आहे. सिग्नलला कान कोरायच्या काड्या, पेनं, लिंबू-मिरची विकणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. तो दिवसभर ऊन सोसत धंदा करतो. त्याचे कपडे मळके आहेत, रात्री तो दुकानाच्या फळीवर झोपतो. कायद्याच्या नजरेत त्याचं 'उपजीविकेचं साधन' दिसतं की नाही, हे पकडणाऱ्याच्या मर्जीवर ठरतं. माझ्या मते हा कायदा कृतीला नाही, दारिद्र्याच्या रूपाला शिक्षा देतो.

हा कायदा १९६० मध्ये दिल्लीलाही लागू केला गेला. तिथल्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ ला भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं घटनाबाह्य ठरवून रद्द केली. राज्याने अन्न-निवारा पुरवायचा नाही आणि तो नाही म्हणून माणसाने हात पसरला की त्याला गुन्हेगार ठरवायचं, हे चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पण तो दिल्लीपुरता. ज्या भूमीत कायदा जन्मला त्या महाराष्ट्रात तो अजून चालू आहे. मार्च २०२३ मध्ये नागपुरात पोलीस आयुक्तांनी १४४ कलमाखाली चौकात भीक मागण्यावर बंदी घातली होती. शहरात पाहुणे येणार असले की अशा मोहिमांना जोर चढतो. भिक्षेकरी गृहात ठेवलेल्यांपैकी काम करणाऱ्यांना रोज ४० रुपये मेहनताना द्यायचं राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं. ते चांगलंच झालं, पण रोज ४० रुपये मिळाले म्हणून कोंडलेला माणूस मोकळा होत नाही.

आता निवारा. त्याचा उगम कायद्यात नाही, न्यायालयाच्या आदेशात आहे. दिल्लीत पुसा रोडवरचा एक तात्पुरता निवारा डिसेंबर २००९ मध्ये, ऐन थंडीत पाडला गेला. अन्नाच्या हक्काबद्दलची याचिका २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चालूच होती. तिच्यात हा विषय पोहोचला आणि जानेवारी २०१० मध्ये न्यायालयाने दिल्ली सरकारला निवारे उभारायला लावले. पुढे हा आदेश इतर मोठ्या शहरांनाही लागू झाला. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं आणि 'शहरी बेघरांसाठी निवारा' हा त्याचा एक घटक झाला. निकष असे: शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, वर्षाचे बारा महिने आणि दिवसाचे चोवीस तास उघडा. पाणी, न्हाणीघर, संडास, स्वयंपाकाची जागा, धुतलेल्या चादरी आणि प्रथमोपचार तिथे असायला हवेत. जागाही स्टेशन, एसटी स्टँड, मंडई यांच्याजवळ हवी, कारण बेघर माणसं कामाच्या जवळ झोपतात. मंडईतल्या हमालाला पहाटे तीनला गाडी उतरवायची असते, लग्नातला वाढपी रात्री एकला मोकळा होतो. गावाबाहेर नेऊन बांधलेली इमारत कितीही चकचकीत असली तरी त्यांच्या काय कामाची?

निवारा महापालिका किंवा नगरपालिका चालवते, बहुतेक ठिकाणी एखाद्या संस्थेमार्फत. भिक्षेकरी गृह राज्याच्या महिला व बाल विकास खात्याकडे असतं. एकीकडे दाखल करताना वही उघडतात, दुसरीकडे न्यायालयाचा आदेश लागतो. निवाऱ्याच्या वहीत नाव, गाव, वय, काम असे रकाने असतात आणि शेवटी नातेवाइकाचा फोन नंबर. हा शेवटचा रकाना भरताना माणूस बराच वेळ घेतो. नंबर तोंडपाठ असतो, पण द्यावा की नाही हे ठरत नाही. जाणते काळजीवाहक तिथे घाई करत नाहीत. "राहू द्या, नंतर सांगा," म्हणतात आणि आधी चहा देतात.

चांगल्या निवाऱ्याचं खरं काम खाट दिल्यानंतर सुरू होतं. रस्त्यावरच्या माणसाकडे कागद नसतात. ते पावसात भिजलेले असतात, नाहीतर फूटपाथ साफ करताना बोचक्यासकट उचलले गेलेले असतात. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठराविक नमुन्यात दिलेला दाखला आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून: बँकेचं खातं, रेशन कार्ड, सरकारी दवाखान्यातल्या योजना. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. बेघर माणूस ही अट सहज पूर्ण करतो. पण अर्जदार १५ वर्षं महाराष्ट्राचा रहिवासी असल्याचा दाखलाही लागतो. वीस वर्षं दादरच्या पुलाखाली काढलेल्या माणसाने तो कुठून आणायचा? अशा वेळी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सोबत चकरा मारणारं कुणी नसेल, तर योजना कागदावरच राहते. म्हणून मी निवाऱ्याची परीक्षा करताना खाटा मोजत नाही. गेल्या वर्षभरात किती जणांचं आधार निघालं, किती जण दवाखान्यात नेले गेले, किती जण कामाला लागले, हे विचारते.

या दोन जागांमधला गोंधळ रस्त्यावर फार महाग पडतो. निवाऱ्याचं पथक रात्री पाहणीला निघतं तेव्हा हा अनुभव हमखास येतो. गाडी थांबली, दोन माणसं खाली उतरली, की फूटपाथवर हालचाल सुरू होते. एक बाई पोराला उठवून कडेवर घेते, दुसऱ्या हाताने पातेलं पिशवीत कोंबते आणि रस्ता ओलांडते. तिला वाटतं, चेंबूरला न्यायला आले. ओळखपत्र दाखवा, समजावून सांगा, पहिल्या फेरीत तरी कुणी विश्वास ठेवत नाही. आणि का ठेवावा? कुणाचा भाऊ, कुणाचा शेजारी असाच गाडीत बसला होता आणि कित्येक महिने परत आला नव्हता. एका जागेच्या धास्तीने दुसऱ्या जागेतल्या खाटा रिकाम्या राहतात. मग त्या रिकाम्या खाटा दाखवून अधिकारी म्हणतात, "या लोकांनाच यायचं नसतं." हे वाक्य ऐकलं की माझा संताप होतो. ज्यांना पकडून नेण्याची भीती आपणच घातली, त्यांनी आपल्या गाडीत हसतमुखाने चढावं अशी अपेक्षा कशी करायची?

न येण्याची दुसरी कारणंही आहेत. बहुतेक निवारे पुरुषांसाठी वेगळे, स्त्रियांसाठी वेगळे असतात. मुंबईच्या फूटपाथवर तर पूर्ण कुटुंबं राहतात, काहींच्या दोन-तीन पिढ्या तिथेच वाढल्या. नवऱ्याने एका वॉर्डात, बायकोने दुसऱ्या वॉर्डात आणि मोठ्या मुलाने तिसरीकडे झोपायचं, त्यापेक्षा ती प्लास्टिकच्या कापडाखाली एकत्र राहणं पत्करतात. कुटुंबांसाठी निवारे असावेत असं मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं आहे, पण शोधायला गेलात तर ते फार थोडे सापडतात. आणि जागा मुळातच अपुऱ्या. २०११ च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले गेले. शहराची लोकसंख्या तेव्हा १ कोटी २४ लाख. लाखामागे शंभर हा निकष काटेकोर पाळला तरी सोय होणार १२,४०० जणांची, म्हणजे पाचांतल्या जेमतेम एकाची. तो निकषही कुठे पुरा झालेला नाही. शिवाय रात्री झोपलेल्यांची मोजणी नेहमीच कमी भरते.

निवाऱ्यातून पुढे कुठे जायचं, हा प्रश्न तर अजून कुणी धड हातातच घेतलेला नाही. माणूस सावरला, कामाला लागला, महिन्याला आठ-दहा हजार कमवू लागला, तरी खोलीची अनामत रक्कम, भाडेकरार आणि ओळख देणारा माणूस या तीन गोष्टींवर गाडी अडते. निवारा आणि भाड्याची खोली यांच्यामध्ये वर्ष-दोन वर्षं राहता येईल अशी स्वस्त, सोबतीची जागा हवी. ती जवळजवळ नाहीच. त्यामुळे काही जण निवाऱ्यातच वर्षानुवर्षं राहतात, काही पुन्हा पुलाखाली जातात.

काही माणसांसाठी मात्र या दोन्ही जागा चुकीच्या आहेत. मानसिक आजारामुळे भटकणाऱ्या माणसाला निवाऱ्यात आणून ठेवलं तर त्याचेही हाल होतात आणि इतरांचेही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १०० व्या कलमाने अशा माणसाला संरक्षणात घेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. त्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायला हवं, कोठडीत ठेवता येत नाही. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था अशा लोकांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याचं काम करते. या कामासाठी वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एकटं मूल दिसलं तर १०९८, ज्येष्ठ नागरिक असतील तर १४५६७.

बाकी कुणासाठी फोन करणार असाल, तर आधी त्या माणसाशी बोला. नाव विचारा, यायचं आहे का विचारा. नको म्हणाला तर पांघरूण द्या, जेवण द्या, उद्या पुन्हा चौकशी करा. हो म्हणाला तर महापालिकेच्या समाज विकास विभागाला फोन लावा आणि 'शहरी बेघर निवारा' हेच शब्द वापरा. "भिकारी बसलाय, उचला" असं सांगितलंत तर यंत्रणा १९५९ च्या कायद्याच्या वाटेने जाते. गाडी आली की कुठल्या केंद्रात नेताय, उद्या सकाळी यांना बाहेर जाता येईल का, हे त्यांच्यादेखत विचारा. उत्तर त्यांनाही ऐकू जाऊ द्या.

आणि ज्यांना निवाऱ्यात यायचंच नाही, त्यांच्यासाठीही एक काम करता येतं. मतदार यादीत नाव घालायला घर लागत नाही. नाव नोंदणीच्या अर्जात, म्हणजे नमुना ६ मध्ये, माणूस जिथे झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी तिथे रात्री, एकापेक्षा जास्त वेळा येऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहतो. खात्री पटली की पत्त्याचा दुसरा पुरावा मागितला जात नाही. अर्ज भरायला लिहिता येणारं कुणीतरी बरोबर बसलं, तर हे काम एका संध्याकाळचं आहे.