चालणारा शंख: गोगलगाईचा आणि खेकड्याचा

ओहोटीच्या वेळी मालवणच्या खडकांतल्या डबक्यात एखादा शंख चालू लागला की जवळचे कोणीतरी हमखास सांगते, ‘खेकडा वाढेल तसा त्याचा शंखही वाढेल.’ हे गोगलगाईला लागू पडते, खेकड्याला नाही. आणि ही गल्लत इतक्यांदा कानावर पडली आहे की आता गप्प बसवत नाही.

समुद्री गोगलगाय सर्वांच्या ओळखीची आहे. ती सपाट पायावर संथ सरकते आणि डिवचली की शंखाचे तोंड झाकणाने बंद करते. शंखातला खेकडा, म्हणजे हर्मिट क्रॅब, सांध्यांच्या पायांनी खरडत चालतो आणि दारात नांगी आडवी धरतो. दोघांच्याही शंखाला शिंपला म्हणणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

खरी मेख मालकीची आहे. गोगलगाय शंख स्वतः घडवते. तिचे प्रावरण, म्हणजे शंखाखालची मऊ कातडी, तोंडाच्या कडेला चुन्याचे थर चढवत राहते, आणि स्नायूने ती शंखाला जोडलेली असल्यामुळे जिवंतपणी तो सोडून जाऊ शकत नाही. खेकड्याला शंख घडवताच येत नाही. त्याचे पोट मऊ आणि बहुधा उजवीकडे पिळलेले असते, आणि शेपटाकडच्या आकड्यांनी तो शंखाच्या आतल्या खांबाला धरून बसतो. तो कात टाकतो ती स्वतःच्या अंगाची, शंखाची नव्हे. अंग वाढले की मेलेल्या गोगलगाईचा मोठा शंख शोधावा लागतो. सापडलेला शंख तो नांग्यांनी आतबाहेर चाचपतो आणि पसंत पडला तर क्षणार्धात पोट तिकडे हलवतो. शंख लहान पडला तर वाढ खुंटते, फार जड असला तर ओढण्यातच शक्ती जाते. एकाने सोडलेला शंख दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा. कधीकधी तर आकाराच्या क्रमाने रांग लागते.

त्यामुळे किनाऱ्यावर किती खेकडे तगतील हे बऱ्याच अंशी रिकाम्या शंखांवर ठरते, आणि ‘रिकामाच तर आहे’ म्हणत पिशव्या भरणाऱ्यांचा मला सर्वांत राग येतो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जमिनीवर राहणाऱ्या 16 जातींपैकी 10 जातींचे खेकडे प्लास्टिकची झाकणे आणि तत्सम कचरा पाठीवर वागवताना छायाचित्रांत आढळले. बाटलीच्या झाकणात राहायला गेलेली गोगलगाय मात्र कोणालाही दिसणार नाही.