सातारा-देवळाईत घर घेताना किंवा विकताना: पात्रता, कागदपत्रं आणि नोंदणीची प्रक्रिया

संभाजीनगरात कुणी 'साताऱ्यात घर घेतलं' म्हणालं, तर ते कऱ्हाडच्या अलीकडचं सातारा नव्हे. बीड बायपास ओलांडला की दक्षिणेला डोंगराची रांग दिसते. तिच्या पायथ्याला खंडोबाचं देऊळ असलेलं जुनं सातारा गाव आणि त्याला लागून देवळाई. शहर हाकेच्या अंतरावर, संध्याकाळी डोंगराचा वारा, म्हणून नोकरदार माणूस प्लॉट बघायला हमखास इकडे येतो. हा भाग आधी ग्रामपंचायतीत होता, मध्ये थोडे दिवस नगर परिषद झाली, मग महापालिकेत आला. त्यामुळे एकाच गल्लीत तीन कारभारांचे कागद सापडतात, आणि जुन्या दस्तात तालुका-जिल्हा 'औरंगाबाद' लिहिलेला असतो. नावाच्या फरकाने दस्त खोटा ठरत नाही, नुसतं गट नंबर जुळवून घ्या.

दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला गेला, म्हणजे विकणारा खरंच मालक होता असं ठरत नाही. तिथे मुद्रांक, ओळख, साक्षीदार बघतात. जमीन कोणाची, कशी आली, तिच्यावर कोणाचा हक्क आहे, हे शोधायचं काम घेणाऱ्याचं. 'रजिस्ट्री झाली ना, मग काय भीती?' हे वाक्य एजंटाच्या तोंडी ऐकलं की मी चहा संपवून उठतो.

पात्रतेचा मुद्दा लहान आहे. अकृषिक, म्हणजे बिगरशेती जमिनीवरचं घर किंवा फ्लॅट १८ वर्षं पूर्ण झालेल्या कोणाही भारतीय नागरिकाला घेता येतो, त्यासाठी शेतकरी असावं लागत नाही. पण सातबाऱ्यावर जमीन अजून शेतीचीच असेल, तर ती सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. प्लॉटिंग पडलं, रस्ते आखले, खांब उभे राहिले, तरी सातबारा शेतीचा तो शेतीचाच. विकणाऱ्याकडे हिस्सेदार किती हे बघा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचाही हक्क आहे, त्यामुळे बहिणींची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर इसारसुद्धा देऊ नका. हिस्सेदारांत कोणी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं असेल आणि त्याचा वाटा विकायचा असेल, तर बहुतेक वेळा कोर्टाची परवानगी लागते.

जमिनीच्या बाबतीत मराठवाड्याची गोष्ट उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा वेगळी आहे. आपल्याकडचे जुने हक्क निजामाच्या राजवटीतून आलेले. म्हणून नुसता आजचा सातबारा पुरत नाही. १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमीन कोणाकडे होती याची तेव्हाची नोंद, आणि तिथून आजपर्यंतचे सगळे फेरफार काढा. खासरा पत्रकात 'इनाम', म्हणजे राजवटीने बहाल केलेली जमीन, हा शब्द दिसला की थांबा. मदतमाश, म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेलं इनाम असेल तर ती जमीन वर्ग २ मधून (विकायला सरकारची परवानगी लागते) वर्ग १ मध्ये (मोकळेपणी विकता येते) आली का, त्यासाठी सरकारला द्यायचा नजराणा भरला का, याचा आदेश मागा. खिदमतमाश असेल, म्हणजे देवस्थान किंवा दर्गा-मशिदीच्या सेवेसाठी दिलेली जमीन, तर नाद सोडा. ती सांभाळणाऱ्याला विकण्याचा हक्कच नसतो. राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय आपल्याच शहरात, पाणचक्कीला आहे. शंका आली तर तिथे गट नंबर घेऊन चौकशी करायला अर्धा दिवस जातो, पण आयुष्याची कमाई वाचते. हैदराबाद कूळ कायदा १९५० चा, त्याखालच्या कुळांच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांच्या नोंदीही याच जुन्या कागदांत सापडतात.

सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना नीट वाचा. 'तुकडेबंदीविरुद्ध व्यवहार' असा शेरा तिथे असतो. एक-दोन गुंठे घेणाऱ्यांची नावं कित्येक वर्षं याच रकान्यात अडकून पडलेली असतात. जमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकायला मनाई करणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, पण आपल्या गटावरचा शेरा प्रत्यक्ष उठला का, हे नव्या उताऱ्यावर बघूनच पैसे द्या.

आता गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेले प्लॉट आणि त्यांवरची घरं. या परिसरातल्या बऱ्याच घरांचं भवितव्य या एका शब्दावर टांगलेलं आहे. मूळ कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट मोकळी झाली. विकणाऱ्याकडे गुंठेवारीचं नियमितीकरण प्रमाणपत्र असेल तर ते मूळ स्वरूपात बघा, नकाशासह. नसेल तर अर्ज महापालिकेत करावा लागतो: जागेचा दस्त, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, वास्तुविशारदाने काढलेला नकाशा, घर मुदतीआधीचं असल्याचा पुरावा म्हणून जुनी वीजबिलं आणि मालमत्ता कराच्या पावत्या, शिवाय प्रतिज्ञापत्र. वर विकास शुल्क आणि प्रशमन शुल्क, म्हणजे अनधिकृत बांधकाम नियमित करण्याचा दंडवजा आकार. हे शुल्क कोण भरणार, याची भांडणं खरेदीखताच्या दिवशी कार्यालयाच्या पायरीवर होतात. म्हणून साठेखतातच, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारातच लिहून टाका. आरक्षणातली किंवा सरकारी जागा नियमित होईलच असं धरून चालू नका. प्रमाणपत्राशिवाय बँका कर्ज द्यायला सहसा तयार होत नाहीत, तेव्हा 'नंतर करून घेऊ' म्हणणाऱ्या विक्रेत्याला तुम्हीही 'पैसे नंतर देऊ' म्हणा.

आणि बॉण्ड, म्हणजे नोंदणी न करता स्टँपपेपरवर केलेला करार. नोटरी केलेला बॉण्ड, मुखत्यारपत्र, ताबापावती, एवढ्यावर चार-चार हात बदललेले प्लॉट इथे आहेत. मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. बॉण्डवरचं घर विकत घ्यायचंच असेल तर ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे, त्या मूळ मालकाला किंवा त्याच्या सगळ्या वारसांना खरेदीखतावर सहीला आणा. ते सापडत नाहीत, हीच तर अडचण असते.

डोंगराचं म्हणून एक वेगळं प्रकरण आहे. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम परवानगी मिळत नाही, आणि वरच्या बाजूला वनविभागाची हद्द कुठून सुरू होते हे डोळ्यांनी कळत नाही. त्यामुळे भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करून हद्द कायम करून घ्या आणि मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हाती ठेवा. माझ्या मावसभावाने देवळाईकडे दीड गुंठा घेतला, उन्हाळ्यात. दस्तातल्या चतुःसीमेत, म्हणजे चारी बाजूंना काय आहे त्या वर्णनात, पूर्वेला 'मोकळी जागा' लिहिली होती. पहिल्याच मोठ्या पावसात ती मोकळी जागा म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा निघाला. कंपाउंडची भिंत गेली आणि मग मोजणी झाली. नकाशावर ओढा पहिल्यापासून होता. जागा एकदा तरी पावसाळ्यात बघा, आणि शेजाऱ्यांना विचारा की नळाला पाणी येतं की टँकर लागतो.

फ्लॅट असेल तर बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मागा. ग्रामपंचायतीच्या काळातल्या इमारतीला नुसती 'ना हरकत' दाखवतात, ती परवानगी नव्हे. नव्या प्रकल्पाचा महारेरा (गृहप्रकल्पांचं राज्याचं नियामक प्राधिकरण) क्रमांक तपासा. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

एवढं सगळं जुळलं की वकिलाकडून मालकीच्या नोंदी तपासलेला ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि मग दस्ताकडे वळा. मसुदा तयार झाला की नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पब्लिक डेटा एन्ट्री करायची, म्हणजे दस्ताची माहिती ऑनलाइन भरायची, ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीतून शुल्क भरायचं आणि वेळ घ्यायची. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि स्थानिक अधिभार १ टक्का, असे मिळून ६ टक्के. ते करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त त्यावर लागतं. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. म्हणजे ४० लाखांच्या घराला मुद्रांक २ लाख ४० हजार, महिलेच्या नावावर २ लाख, आणि दोन्हीकडे फी ३० हजार. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का प्राप्तिकर कापून भरायचा. पैसे बँकेतूनच द्या. इसाराचे २० हजार किंवा जास्त रोखीत घेणं-देणं प्राप्तिकराच्या कचाट्यात आणतं.

कार्यालयात जाताना घेणारा, विकणारा आणि दोन साक्षीदार, सगळ्यांची आधार-पॅन मूळ कागदपत्रं, मालमत्ता कराची चालू पावती, आधीच्या दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक २ (त्या दस्ताचा नोंदणी कार्यालयातला गोषवारा) बरोबर ठेवा. विकणाऱ्याचं कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही. सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो, नंतर दंड.

नोंदणी झाली की अर्धं काम उरतं. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. माहिती नोंदणी कार्यालयाकडून ऑनलाइन जाते खरी, तरी सजाच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडे, एक चक्कर मारा. सिटी सर्व्हे झालेल्या भागात नाव मालमत्ता पत्रकावर लावायचं असतं. त्यानंतर महापालिकेच्या झोन कार्यालयात करआकारणीचं नाव बदलून घ्या आणि महावितरणचं मीटर आपल्या नावावर करा. जुन्या मालकाची थकबाकी निघाली तर कार्यालय ती तुमच्याकडेच मागतं, म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी दोन्हीकडची बेबाकी (थकबाकी नसल्याची) पावती हातात पाहिजे.