ओबान हायस्कूलमध्ये प्रवेश : अर्ज कुठे, कागद कोणते

ओबान हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं बंदराचं गाव. तिकडे नोकरी लागलेल्या मराठी घरात पहिला प्रश्न येतो, "डोनेशन किती?" शून्य. ओबान हायस्कूल ही आर्गाइल अँड ब्यूट कौन्सिल या तिथल्या स्थानिक प्रशासनाची, म्हणजे सरकारी शाळा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, टक्केवारीही नाही. बघतात तो पत्ता. म्हणून आधी घर नक्की करा, मग शाळेचं बोला.

प्रत्येक सरकारी शाळेची हद्द ठरलेली असते. हद्दीतल्या प्राथमिक शाळेतून सातवी, म्हणजे पी-७, झालेली मुलं ऑगस्टमध्ये एस-१ मध्ये, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्गात येतात. त्यांच्या नोंदणीची व्यवस्था प्राथमिक शाळेकडूनच होते. परगावाहून किंवा भारतातून येणाऱ्यांनी थेट हायस्कूलच्या कार्यालयाशी संपर्क साधायचा. इयत्ता वयानुसार ठरते. एस-१ मधलं मूल साधारण साडेअकरा ते साडेबारा वर्षांचं असतं. आपल्याकडे मूल कितवीत होतं, हा मुद्दा दुय्यम.

कागद फार नाहीत. मुलाचा जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसाचा पुरावा आणि पत्त्यासाठी भाडेकरार किंवा कौन्सिल टॅक्सचं (तिथल्या घरपट्टीचं) बिल. ग्रामपंचायतीचा दाखला नुसता मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर इथूनच करून न्या. तिकडे गेल्यावर उगाच धावपळ होते. आधार कार्डाला तिथे कोणी विचारत नाही. शेवटच्या गुणपत्रिका मात्र जरूर ठेवा, विषय निवडताना कामी येतात. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्यांच्या डिपेंडंट मुलांना सरकारी शाळेत शिकता येतं. व्हिजिटर व्हिसावर शाळेचा बेत आखू नये.

हद्दीबाहेर राहूनही हीच शाळा हवी असेल तर कौन्सिलकडे 'प्लेसिंग रिक्वेस्ट' करता येते. ऑगस्टच्या प्रवेशासाठी ती १५ मार्चपर्यंत पोचली पाहिजे, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत निर्णय कळतो. उशिरा केलेल्या अर्जाला दोन महिन्यांपर्यंत लागू शकतात. नुसती नापसंती हे नकाराचं कारण चालत नाही. जादा शिक्षक नेमावा लागणं, मोठा खर्च येणं अशी कारणं कायद्यातच दिली आहेत. नकार आला तर २८ दिवसांत अपील समितीकडे दाद मागता येते, पुढे शेरीफ कोर्ट, म्हणजे तिथलं स्थानिक न्यायालयही आहे. पण अशी शाळा मिळवली तर ने-आण सहसा पालकांवरच पडते. हद्दीतल्या शाळेसाठी मात्र आठ वर्षांवरील मुलाचं घर तीन मैलांपेक्षा लांब असेल तर मोफत वाहतुकीची सोय करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. कोलसारख्या बेटांवरची मुलं तर ओबानच्या वसतिगृहात राहूनच शिकतात.

वेळेचं एक भान ठेवा. आपल्याकडे जूनमध्ये शाळा उघडतात, तिथे जूनअखेरीस बंद होतात आणि ऑगस्टच्या मध्याला पुन्हा सुरू होतात. सुट्टीत कार्यालयात कोणी भेटेलच असं नाही, तेव्हा पत्ता हाती येताच ईमेल पाठवा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबाबत तर जास्तच घाई करा, कारण बोर्डाच्या परीक्षांचे विषय आदल्या वसंतातच निवडले जातात.