पार्श्वभूमी: हिरडीच्या पॉकेटमधला औषधी धागा

हिरडीच्या पॉकेटमध्ये, म्हणजे हिरडीच्या आजारात दात आणि हिरडी यांच्यामध्ये पडलेल्या खोल फटीत, जंतू मारणारं औषध घालणं सोपं आहे, ते तिथे टिकवणं महाकठीण. पॉकेटमध्ये पाझरणारा द्रव तासाला सुमारे 40 वेळा बदलतो, त्यामुळे पिचकारीने सोडलेलं द्रावण मिनिट-दीड मिनिटात निम्म्यावर येतं. गोळी दिली तर औषध अंगभर फिरतं आणि जिथे हवं तिथे मिलिलिटरमागे जेमतेम काही मायक्रोग्रॅम पोचतं. औषध भरलेला धागाच पॉकेटमध्ये बसवायचा, ही कल्पना या अडचणीतून आली.

1979 साली टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक भरलेला सेल्युलोज ॲसिटेटचा पोकळ तंतू वापरून पाहिला गेला. जंतू कमी झाले खरे, पण जवळजवळ 95 टक्के औषध पहिल्या दोन तासांतच बाहेर पडत होतं. म्हणून पोकळी सोडून देऊन औषध पॉलिमरमध्येच, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थातच, मिसळायचं ठरलं. त्यासाठी निवडलं एथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट. चपलांचे मऊ तळवे करतात तेच हे इव्हीए. 23 सेंटिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर जाड, वजनाच्या 25 टक्के टेट्रासायक्लिन, म्हणजे एका धाग्यात 12.7 मिलिग्रॅम. अमेरिकेच्या औषध नियामकाने 1994 मध्ये त्याला मान्यता दिली. पॉकेटमधल्या द्रवात हा धागा 10 दिवस मिलिलिटरमागे 1300 मायक्रोग्रॅमच्या वर औषध राखत असे. गोळीने हे कधीच साधलं नव्हतं.

धागा बसवणं मात्र कसबाचं काम. बोथट टोकाच्या हत्याराने तो दाताभोवती घडीवर घडी घालत पॉकेटच्या तळापर्यंत दाबत न्यायचा, वर सायनोॲक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब लावून कड बंद करायची, तिथे ब्रश लावू नका असं पेशंटला बजावायचं आणि 10 दिवसांनी परत बोलवून धागा काढायचा, कारण इव्हीए विरघळत नाही. एकेका दाताला दहा मिनिटं आणि वर दुसरी खेप, हे फार थोड्यांना परवडलं. पुढे विरघळणारी जेल, जिलेटिनची चिप, सूक्ष्म गोळ्या आल्या आणि धागा अमेरिकेच्या बाजारातून गेला. नुसत्या स्केलिंगपेक्षा, म्हणजे दातांवरचा थर खरवडून काढण्यापेक्षा, अशा उपायांनी पॉकेटची खोली सरासरीने मिलिमीटरच्या आतच जास्त कमी होते, हेही त्याच्या विरोधात गेलं.

खरा गोंधळ शब्दांचा आहे आणि त्याची किंमत पेशंट मोजतो. औषधनिर्माणशास्त्रात ‘नियंत्रित’ म्हणजे औषध सुटण्याचा वेग साधनाने ठरवलेला. ‘संथ’ म्हणजे नेहमीपेक्षा हळू, पण वेगावर लगाम नाही. हिरड्यांच्या शास्त्रात मात्र घड्याळ लावून वाटणी झाली: एका दिवसाच्या आत संपलं तर संथ, एका दिवसापलीकडे चाललं तर नियंत्रित. या हिशोबाने पहिल्याच दिवशी बहुतेक औषध ओतून टाकून पुढे आठवडाभर थेंबथेंब पाझरणारं साधनही ‘नियंत्रित’ ठरतं. ही वाटणी चुकीचीच आहे. मात्रा जंतूंना मारण्याइतकी न राहता नुसती रेंगाळते, तेव्हाच प्रतिरोधी जंतूंना रान मोकळं मिळतं. त्यामुळे किती दिवस यापेक्षा कोणत्या दिवशी किती, हे विचारायला हवं. इव्हीएचा धागा या प्रश्नाला उत्तर देऊ शकत होता.

भारतात आज दंतवैद्याच्या ट्रेमध्ये दिसतो तो धागा कोलॅजन या प्रथिनाचा. छोट्या कुपीत कापसाच्या पुंजक्यासारखे तंतू असतात, 25 मिलिग्रॅम कोलॅजनमध्ये सुमारे 2 मिलिग्रॅम टेट्रासायक्लिन. सलाइनने भिजवून पॉकेटमध्ये सारायचे, आपोआप विरघळतात, काढायला यावं लागत नाही. ज्या पेशंटला दुसऱ्या खेपेसाठी पुन्हा रोजंदारी बुडवावी लागते त्याच्यासाठी ही सोय मोठीच. पण ती सोय आहे, नियंत्रण नव्हे.

दरम्यान तंतू कातण्याची पद्धत बदलली. पॉलिमरच्या द्रावणाला काही हजार व्होल्टचा दाब देऊन सुईच्या टोकातून केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू ओढण्याचं पेटंट 1934 चं. प्रयोगशाळांनी ते गांभीर्याने घेतलं 1990 नंतर. 2002 मध्ये या इलेक्ट्रोस्पिनिंगने इव्हीए, पॉलिलॅक्टिक ॲसिड (शरीरात हळूहळू विरघळणारं पॉलिमर) आणि दोन्हींच्या मिश्रणाच्या पट्ट्या कातल्या, त्यांत टेट्रासायक्लिनच घातलं आणि तुलना केली ती 1994 च्या त्याच धाग्याशी. त्यानंतर अशा शोधनिबंधांचा पूर आला.

तंतू जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त, आणि पृष्ठभागाजवळचं औषध पहिल्या काही तासांतच निसटतं. त्यावर उपाय म्हणून एकात एक बसवलेल्या दोन सुयांतून तंतू कातले जातात: गाभ्यात औषध, भोवती पॉलिमरचं वेष्टन. आत साठा आणि बाहेर भिंत, ही मांडणी 1979 च्या पोकळ तंतूचीच. तेव्हा भिंतीला औषध अडवता आलं नव्हतं. आता सगळं काम तिची जाडी आणि तिचा पॉलिमर ठरवण्यावर चाललं आहे.