ओली गाठ, पातळ भिंत

सगळ्यात आधी उडते ते पाणी. मॅड्रोनच्या झाडाची नुकती कापलेली गाठ लेथवर चढवली आणि फिरत्या लाकडाला हत्यार टेकवले, की पेशींतले पाणी बाहेर फेकले जाते. कातणाऱ्याच्या सदऱ्यावर आणि समोरच्या भिंतीवर ओला पट्टा उमटतो. लाटणे कातायचे असते तर असले लाकूड कुणी हातात घेतले नसते. वाळल्यावर ते वाकडे झाले तर पोळी लाटायची कशी? इथे मात्र कातायचे असते पातळ भिंतीचे पोकळ भांडे, आणि त्यासाठी ओले लाकूड मुद्दाम निवडलेले असते.

मॅड्रोन हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे झाड. साल सोलून निघते आणि आतले गुळगुळीत खोड दिसू लागते. त्याच्या बुंध्याशी, काहीशी जमिनीत दडलेली, मोठी गाठ असते. तिच्यात असंख्य सुप्त कळ्या असतात. वणव्याने वरचे झाड जळाले तरी या कळ्यांतून नवे फुटवे येतात. प्रत्येक कळीला वळसा घालून तंतू वाढतात, त्यामुळे गाठीत लाकडाची दिशा बोटाबोटाला बदलते. सरळ खोडात तंतू शिस्तीत उभे असतात, इथे नुसता गुंता. हा गुंताच पुढे कामाला येतो.

लाकडातले पाणी दोन प्रकारचे. एक पेशींच्या पोकळीत साठलेले मोकळे पाणी. ते गेले तर लाकूड हलके होते, पण आकसत नाही. दुसरे पेशीभित्तिकेत सेल्युलोजला धरून बसलेले. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांच्या खाली ओलावा उतरला, की हे दुसरे पाणी निघू लागते आणि तिथून आकसणे सुरू होते. पावसाळ्यात फुगणारे दार हा त्याचाच उलटा प्रयोग, हवेतला दमट ओलावा भित्तिकेत शिरतो.

सेल्युलोजचे धागे मुख्यतः पेशीच्या लांबीच्या दिशेने असल्याने लाकूड लांबीत जेमतेम आकसते. आडवे मात्र खूप आकसते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत सागवान वाढवलयांच्या कडेने सुमारे 5.8 टक्के आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने 2.5 टक्के आकसते. मॅड्रोनचे हेच आकडे 12.4 आणि 5.6. दारे-खिडक्यांना साग का लागतो आणि मॅड्रोनच्या वाटेला सुतार सहसा का जात नाही, ते यावरून कळावे.

आता तडा. लाकूड वाळले म्हणून तडकते, ही समजूत अर्धवट आहे. ते तडकते एकसारखे न वाळल्यामुळे. जाड ओंडक्याची बाहेरची कातडी आधी कोरडी होते, आकसू पाहते. आतला ओला गाभा तिला आकसू देत नाही. ताण वाढत जातो आणि कातडी फाटते. मग आतला गाभाच काढून टाकला तर? भिंत काही मिलिमीटरचीच उरली तर आतबाहेरच्या ओलाव्यात फारसा फरक पडत नाही, आणि आकसताना भिंत फाटण्याऐवजी वाकू शकते.

1970च्या दशकात अमेरिकन कलाकार डेव्हिड एल्सवर्थ यांनी अरुंद तोंडाची, पातळ भिंतीची पोकळ भांडी कातून हा प्रकार नावारूपाला आणला. तोंडातून सरळ हत्यार घातले तर भांड्याच्या खांद्याची आतली बाजू गाठता येत नाही, म्हणून त्यांनी टोकाकडे वाकवलेली हत्यारे बनवली. वाकलेले टोक मुठीच्या रेषेत नसते, त्यामुळे लाकडाला टेकताच ते हातात पिळवटायला बघते. त्यात कापणारी धार दिसत नाही. ओला भुसा आत चिकटतो, तो थांबून थांबून काढावा लागतो. भिंत किती उरली हे वाकड्या कॅलिपरने मोजायचे आणि मधल्या वेळात कानाने ओळखायचे, कारण भिंत पातळ होत जाते तसा आवाज बदलतो. माझ्या मते या कलेतले खरे कसब हेच.

पातळपणापेक्षाही महत्त्वाचा भिंतीचा सारखेपणा. एका जागी 3 मिलिमीटर आणि शेजारी 9 असतील, तर वाळण्याचा वेग बदलतो आणि तडा बरोबर त्या सीमेवर जातो. तड्याला तंतूंच्या कडेने धावायला आवडते. सरळ लाकडात त्याला मोकळा रस्ता मिळतो. गाठीत दोन-चार सेंटिमीटरवर वाट वळते आणि तो अडतो. धोका असतो तो गाठीत अडकलेल्या सालीचा. तिथे लाकूड जोडलेलेच नसते, वेगात फिरताना तुकडा सुटून येऊ शकतो. चेहऱ्यावर पूर्ण ढाल हवीच.

कातून झालेले भांडे कागदी पिशवीत ठेवून सावकाश वाळवतात आणि रोज वजन करतात. सरळ लाकडाचा वाडगा वाळून लंबगोल होतो. गाठीचे भांडे मात्र सुरकुतते: इथे खळगा, तिथे उंचवटा, तोंडाची कड लाटेसारखी. काट्यावरचा आकडा हलेनासा झाला, की ते वाळले. दमट हवेत ते पुन्हा थोडे फुगेल, कड केसभर सरकेल. लेथवरचा गोल मात्र परत येत नाही.