लॅब्रॅडॉर सांभाळताना: भूक, कान आणि उकाडा

लॅब्रॅडॉर रिट्रीव्हरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांना मदत करत. पुढे ब्रिटनमध्ये पाण्यात पडलेली शिकार अलगद उचलून आणण्यासाठी ही जात घडवली गेली. 1903 साली तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, तिला मान्यता दिली. म्हणून घरातला लॅब चप्पल तोंडात घेऊन फिरतो. ही खोड नाही, त्याच्या जातीचं कामच ते. ओरडण्यापेक्षा चावायला रबरी खेळणं द्या.

लॅबच्या अनेक दुखण्यांचं मूळ वाढलेल्या वजनात असतं. नर साधारण 29 ते 36 किलो, मादी 25 ते 32 किलो असावी. बऱ्याच लॅबमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे पोट भरलं तरी तो ताटाकडे बघत बसतो. त्या नजरेवर जाऊ नका. बरगड्यांवरून हलका हात फिरवा: दाबल्याशिवाय त्या लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. कोरडं खाणं वाटीने नको, काट्यावर मोजा. मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा, सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला तीनदा द्या. पोळीचा तुकडा, बिस्किट हेही त्याच हिशोबात धरा. कांदा, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट अजिबात नको.

पिल्लाला मोठ्या जातींसाठीचं तयार खाणं चालू असेल तर वरून कॅल्शियमचं औषध देऊ नका. जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून खुब्यावर ताण येतो, तेव्हा त्याच्या वावरण्याच्या जागी रबरी मॅट टाका.

लोंबत्या कानांत हवा खेळत नाही. आंघोळ, पोहणं किंवा पावसात भिजणं झालं की कान आतून कोरडे करायलाच हवेत. पशुवैद्यांनी सांगितलेलं कान धुण्याचं औषध हाताच्या ऊबेइतकं कोमट करा, कानात ओता, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट चोळा. पचपच आवाज येतो. मग त्याला डोकं झटकू द्या आणि बोटाला कापूस गुंडाळून दिसतो तेवढाच भाग पुसा. इअरबडने मळ आत ढकलला जातो. तेल तर घालूच नका. आंबूस वास, तपकिरी मळ, सारखं डोकं झटकणं दिसलं तर घरचे थेंब न टाकता डॉक्टरांना दाखवा, कारण पडदा फाटलेला असेल तर तेच थेंब अपाय करतात. झटकून झटकून कानाच्या पाळीत रक्त साचतं आणि ती फुग्यासारखी सुजते.

उन्हाळ्यात आमच्या ग्रूमिंग सेंटरमध्ये केस भादरून मागू नका. त्याच्या दुहेरी केसांमुळे कातडीचं उन्हापासून रक्षण होतं. आठवड्यातून दोन-तीनदा विंचरून आतले सुटे केस काढले की पुरे. सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतर फिरवा. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचेही पंजे भाजतील. जोरजोरात धापा, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. लगेच अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका.

पावसाळ्यापूर्वी लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस रोगाची) लस आणि गोचिडांचं औषध राहिलं नाही ना, बघा. आमच्या सेंटरमध्ये त्याला आंघोळीला आणताना लसीकरणाचं पुस्तक सोबत असू द्या, आधीचे तीन तास खायला देऊ नका, आणि कान किंवा कातडी दुखत असेल तर सुरुवातीलाच सांगा.