डब्यातली पोर्शे: स्पोर्ट्स कारच्या मॉडेल किटमागचा इतिहास

क्लासिक स्पोर्ट्स कारची दोन मॉडेल्स शेजारी शेजारी मांडायला घेतली की पहिली अडचण मापाची येते. जपानी किटमधली (किट म्हणजे सुटे भाग जोडून करायचा संच) पोर्शे ९११ असते १/२४ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी, आणि अमेरिकन किटमधली कॉर्व्हेट बहुधा १/२५ ची. सुरुवातीच्या काळातली खरी ९११ साधारण ४ मीटर १६ सेंटिमीटर लांब होती. १/२४ मध्ये ती १७ सेंटिमीटरच्या थोडी वर जाते, १/२५ मध्ये थोडी खाली राहते. फरक जेमतेम ७ मिलिमीटरचा, पण काचेच्या कपाटात तो डोळ्यांना खुपतो. हा छंद नव्याने धरणारे हमखास विचारतात, सगळ्यांनी मिळून एकच माप का नाही ठरवलं?

तसं ठरवायला कुणी एकत्र बसलंच नाही. १/२४ हे इंची मोजणीतलं माप, म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. १/४३ आलं रेल्वेच्या मॉडेल्सवरून, तिथे एका फुटाला ७ मिलिमीटर धरत. आणि १/२५ रुजलं ते डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात. किटमध्ये जे जे विचित्र वाटतं, म्हणजे मापं, इंजिनाचा पत्ता नसणं, तळाचा सपाट पत्रा, त्यातल्या बहुतेक गोष्टींचं मूळ मला कुणाच्या तरी दुकानात किंवा कारखान्यात सापडलं आहे. तो इतिहास माहीत असला की किट जोडताना हात वेगळे चालतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन मोटार कंपन्या दरवर्षी गाड्यांचं रूप बदलू लागल्या. नवी गाडी कशी दिसते, कोणत्या रंगांत मिळते हे ग्राहकाला दाखवायला डीलरच्या टेबलावर छोटी प्लास्टिकची प्रतिकृती ठेवलेली असे. वडील सौदा करत असताना ती मुलाच्या हातात पडे. या गाड्यांना ‘प्रोमो’ म्हणत. १९४८ मध्ये मिशिगन राज्यात सुरू झालेली एएमटी ही कंपनी त्यात पुढे होती. नावातला ‘ए’ अ‍ॅल्युमिनियमचा, पण तिचं नाव झालं प्लास्टिकवर. सुरुवातीचे प्रोमो सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असत आणि ते काही वर्षांत वाकत. जुन्या संग्रहांमधल्या अनेक गाड्यांना त्यामुळे मधोमध बाक आलेला दिसतो. पुढे पॉलिस्टायरिन आलं. ते आकार धरून राहतं, रंग पकडतं आणि योग्य द्रावणाने किंचित विरघळून एकमेकांत मिसळतं. किटचा ‘गोंद’ म्हणतात तो खरं तर चिकटवत नाही, दोन कडा विरघळवून त्यांचा एकच तुकडा करतो.

१९५८ मध्ये एएमटीने बॉडी तशीच ठेवून बाकीचे भाग सुटे विकायला काढले. एकाच डब्यात तीन प्रकारे जोडता येईल इतके भाग असत: शोरूममधली गाडी, सजवलेली गाडी किंवा शर्यतीची गाडी. बॉडी अखंड होती कारण प्रोमोची बॉडी अखंड होती. तशी बॉडी ओतायला साचा नुसता वर-खाली उघडून चालत नाही. दारांच्या बाजू आत वळलेल्या, पुढे जाळी, मागे दिव्यांच्या खाचा, म्हणून साच्याच्या बाजूही सरकत बाहेर याव्या लागतात. हे सरकते तुकडे जिथे एकमेकांना भिडतात तिथे बॉडीवर केसासारखी रेघ उठते. ९११ च्या किटमध्ये ती पुढच्या मडगार्डच्या उंचवट्यावरून जाते. दिव्याखाली बॉडी तिरकी धरली की दिसते, नखाला जाणवते. बारीक पॉलिश पेपरने ती घासून काढल्याशिवाय रंगाच्या डबीचं झाकण उघडू नये. एकदा चकचकीत रंग चढला की ती रेघ आधीपेक्षा जास्त उठून दिसते.

ब्रिटनमध्ये वाट थोडी वेगळी होती. तिथे ‘फ्रॉग’ने १९३६ मध्येच प्लास्टिकच्या विमानांची किट्स काढली होती आणि पन्नाशीच्या दशकात एअरफिक्सने वूलवर्थच्या दुकानांतून स्वस्तातली किट्स घरोघरी पोचवली. गाड्या त्यांनीही काढल्या, १/३२ मापात, पण तिथल्या मुलांचा जीव विमानांत अडकलेला होता. इटलीत ट्यूरिनच्या पोखर कंपनीने साठीच्या दशकात दुसरं टोक गाठलं. १/८ मापाच्या गाड्या, हजाराहून जास्त भाग, गोंदाऐवजी जागोजागी स्क्रू. ते वैभव मोजक्यांपुरतंच राहिलं.

आज जगात सर्वाधिक नावाजलेली कार-किट्स मात्र ना डेट्रॉइटची आहेत ना लंडनची. ती येतात जपानमधल्या शिझुओका शहरातून. तामिया, हासेगावा, फुजिमी, आओशिमा, चारही नावं याच परिसरातली. हा योगायोग वाटतो, पण नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, तोकुगावा इएयासू निवृत्त होऊन इथल्या सुनपू किल्ल्यात राहिला. किल्ला आणि सेन्गेन देवस्थानच्या कामासाठी देशभरातले सुतार, लाखकाम करणारे, कोरीवकाम करणारे कारागीर इथे आले आणि त्यातले बरेच इथेच स्थायिक झाले. जवळच्या डोंगरांत लाकूड भरपूर. पेट्या, आरसे, फर्निचर करणाऱ्या या गावाने विसाव्या शतकात लाकडी मॉडेल विमानं करायला घेतली. आओशिमाची सुरुवात १९२४ ची आहे. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान केलंय, त्यांना या परंपरेची चव ठाऊक आहे.

तामियाची सुरुवातही लाकडाच्याच धंद्यातून झाली. योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये लाकूड कापण्याचा आणि विकण्याचा व्यवसाय सुरू केला. लवकरच लाकडी मॉडेल्स आली आणि १९५३ पासून फक्त मॉडेल्स. तेवढ्यात परदेशी प्लास्टिक किट्स जपानी दुकानांत दिसू लागली आणि लाकडी मॉडेलचं गिऱ्हाईक ओसरलं. १९६० मध्ये कंपनीने प्लास्टिकमधली पहिली ‘यामातो’ युद्धनौका काढली. त्याच वेळी दुसऱ्या कंपनीने तीच नौका कमी किमतीत आणली आणि तामियाचा पैसा साच्यात अडकला. त्यातून सावरायला हात दिला तो जुन्या खेळण्यांचे साचे वापरून काढलेल्या चिमुकल्या रेसिंग कारनी. मग आला पँथर रणगाडा. त्याचं माप ठरलं आत मोटर आणि बॅटरी कशी बसेल यावरून. ते भरलं १/३५, आणि पुढे जगभरच्या लष्करी मॉडेल्सचं तेच प्रमाण होऊन बसलं.

कारच्या बाबतीतही मोटरनेच बरंच काही ठरवलं. साठीच्या दशकात खाचेतून धावणाऱ्या स्लॉट कारचं वेड जपानमध्ये आलं आणि तामियाने १/२४ च्या स्लॉट कार काढल्या. नंतरच्या १/२४ किट्समध्येही कितीतरी वर्षं छोटी मोटर आणि बॅटरी असे, कारण मुलांना गाडी जमिनीवर पळवायची असे. इंजिनाची जागा बॅटरीने घेतली, बॉनेट बंद राहिलं, तळ सपाट झाला. आज जुन्या किटच्या तळाला एखादं बिनकामाचं भोक किंवा खाच दिसली तर ती बहुतेक वेळा त्या मोटरच्या काळातली.

या सगळ्यात पोर्शे ९११ चं स्थान वेगळं आहे. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती ९०१ या नावाने आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितल्यामुळे पुढच्या वर्षी ९११ झाली. १९७६ मध्ये ग्रुप ४ च्या शर्यतींसाठी तिची ९३४ ही आवृत्ती उतरली. ती रस्त्यावरच्या ९११ टर्बोच्या इतकी जवळ होती की खिडक्यांच्या काचा वर-खाली करणारी विजेची यंत्रणाही तशीच ठेवलेली होती. तामियाने तिचं १/१२ मापाचं, सुमारे ३६ सेंटिमीटर लांबीचं किट करायचं ठरवलं. योशिओंचे चिरंजीव शुन्साकू तामिया पोर्शेच्या कारखान्यात जाऊन मोजमापं घेत, फोटो काढत. तेवढ्याने समाधान होईना म्हणून त्यांनी एक खरी ९११ विकत घेतली आणि कंपनीत आणून ती सुटी केली. कोणता नट कुठे बसतो, सस्पेन्शनचा दांडा कोणत्या कोनात जातो, सगळं समोर मांडून पाहिलं.

मला या संपूर्ण इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. खेळण्यांच्या कंपनीने खरी पोर्शे उकलावी हा हिशेबाचा निर्णय नव्हता, तो कामाच्या प्रेमातून आलेला होता. हिशेब नंतर करावाच लागला. विकासाचा खर्च नुसतं किट विकून भरून निघण्यासारखा नव्हता. तेव्हा त्याच बॉडीखाली मोटर आणि रेडिओची यंत्रणा बसवून १९७६ च्या अखेरीस तामियाने आपली पहिली रेडिओ कंट्रोल कार आणली. ती तुफान चालली आणि कंपनीचा एक अख्खा विभाग तिच्यावर उभा राहिला. शुन्साकू तामिया जुलै २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी गेले, तेव्हा जगभरच्या मॉडेल करणाऱ्यांनी या ९११ ची आठवण काढली.

ऐंशीच्या दशकात जपानकडे पैसा होता आणि क्लासिक गाड्यांची हौसही. फुजिमीने ‘एन्थुझिअ‍ॅस्ट’ या मालिकेत १/२४ मध्ये ९११, ३५६ आणि फेरारी डिनो अशा गाड्या काढल्या. त्यांत इंजिन होतं, सस्पेन्शन होतं आणि सहन होणार नाहीत इतके बारीक भागही होते. ती किट्स अवघड म्हणून प्रसिद्ध आहेत, पण एकदा नीट जमली की त्या मापात त्यांच्या तोडीचं फार थोडं सापडतं. तामियाने पुढे मर्सिडीझ ३०० एसएल केली ती वर उघडणाऱ्या दारांसह आणि आतल्या नळ्यांच्या चौकटीसह. बॅटरीच्या पेटीने अडवलेली जागा इंजिनाला परत मिळाली.

जुन्या गाड्यांत खरी कसोटी मात्र लागते क्रोमची. आजच्या गाडीला काचेभोवती काळं रबर असतं, १९६० च्या गाडीला चमकणारी धातूची पट्टी. डब्यातले क्रोमचे भाग बंद पोकळीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवून चमकवलेले असतात, पण बॉडीवरच ओतलेल्या पट्ट्यांना तशी चमक देता येत नाही. त्यासाठी पाठीमागे गोंद असलेला अतिशय पातळ धातूचा वर्ख वापरतात. एक पट्टी कापून खिडकीच्या कडेवर ठेवायची, कापसाच्या काडीने दाबत दाबत कोपऱ्यात बसवायची आणि नव्या पात्याने दोन्ही कडा कापायच्या. पातं जुनं असेल तर वर्ख फाटतो, जोर जास्त झाला तर खालचा रंग चिरतो. उन्हाळ्यात बोटांना घाम असला की चमकेवर ठसे उमटतात, म्हणून हे काम सकाळी करावं.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ गेम आले आणि पाश्चात्त्य कंपन्या कोलमडू लागल्या. १९८१ मध्ये एअरफिक्स बुडाली, १९८६ मध्ये रेव्हेल आणि मोनोग्राम या अमेरिकन किट-कंपन्या एकत्र झाल्या, एएमटीचे मालक पुन्हा पुन्हा बदलले. कंपन्या गेल्या तरी पोलादी साचे टिकले आणि हातोहात फिरत राहिले. म्हणून साठीच्या दशकातली किट्स आजही नव्या चित्राच्या चकचकीत डब्यात येतात. साचे झिजल्यामुळे अशा किटमध्ये भागांच्या कडेला प्लास्टिकची पातळ पापुद्री सुटते, दोन भागांत फट राहते. दुकानात फक्त डब्यावरचं वर्ष पाहून फसगत होते. अनेक किट्समध्ये तळाच्या भागावर मूळ वर्ष कोरलेलं असतं, शक्य असेल तर ते पाहावं.

भारतात हे पारखून घेणं जास्त गरजेचं, कारण किंमत. सीमाशुल्काच्या वर्गवारीत मॉडेल किट्स खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांना आवर घालण्यासाठी केलेल्या या वाढीत शिझुओकाची ९११ सुद्धा सापडली. त्यामुळे पुण्या-मुंबईत पहिलं किट घेणाऱ्याला मी सांगतो की नव्या साच्याची, अखंड बॉडीची, इंजिन नसलेली साधी १/२४ गाडी घ्या. फुजिमीची ९११ नंतर घ्या.